पहिल्या ट्रॅक डेसाठी गाडीची आणि स्वतःची तयारी: आधी काय, नंतर काय?

तिसरा_गिअर

मंडळी, दोन महिन्यांनी पहिला ट्रॅक डे (रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचा दिवस) ठरवलाय. गाडी दोन लिटर इंजिनाची, रिअर व्हील ड्राइव्ह, वजन तेराशे किलोच्या आसपास. कंपनीतून आली तशीच आहे, एक नटही बदललेला नाही. २० मिनिटांची पाच सत्रं आहेत. शर्यत नाही, वेळ मोजायची नाही.

डोक्यात असलेली यादी अशी: एक्झॉस्ट, इंटेक, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), रुंद टायर. सगळं एकदम परवडणार नाही. यातलं आधी काय करावं? आणि गाडी ट्रॅकवर नेण्यापूर्वी तपासायचं काय काय, तेही सविस्तर सांगा. अवजारं आहेत, घरी काम करायची तयारी आहे.

बारा_चा_पाना

यादीतल्या चारही गोष्टी सध्या बाजूला ठेवा. पहिलं काम ब्रेक ऑइल. दुसरं काम ब्रेक पॅड. बाकी सगळं त्यानंतर.

कारण आकड्यांतच दिसतं. चालकासकट गाडी १४०० किलो धरा. शहरात ताशी ६० वरून थांबताना ब्रेकना साधारण १.९ लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. ट्रॅकवर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी १८० वरून ८० वर येताना हाच आकडा १४ लाखांवर जातो, म्हणजे सातपट. त्यातली साधारण ७० टक्के पुढच्या ब्रेकवर पडते. पुढची प्रत्येक डिस्क सात किलोची धरली, तर एका दाबात तिचं तापमान दीडशे अंशांच्या आसपास चढतं. हवेचा रोध आणि इंजिन ब्रेकिंग थोडा भार उचलतात, पण थोडाच. डिस्क पुरती निवायच्या आत पुढचं वळण येतं, आणि असं लॅपमागून लॅप वीस मिनिटं चालतं.

ही उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. दोन-तीन वर्षं जुन्या ऑइलचा उत्कलनबिंदू खूपच खाली आलेला असतो. डॉट म्हणजे डब्यावर छापलेला ऑइलचा दर्जा. मानकानुसार डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये. पाणी शोषलेल्या अवस्थेत ही मर्यादा फक्त १५५ अंश आहे. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. ट्रॅकसाठी बनवलेली चांगली ऑइलं ताजी असताना ३०० च्या वर टिकतात. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फरशीला टेकूनही गाडी थांबत नाही.

ताकद वाढवली तर त्याच वळणापाशी तुम्ही आणखी वेगात पोचाल, आणि थांबवायचे ब्रेक मात्र तेच. म्हणून एक्झॉस्ट आणि इंटेक खोडा.

ओला_रस्ता

पानेदादांशी सहमत. एक सावधगिरीची सूचना: डब्यावर ‘डॉट ५’ लिहिलेलं ऑइल घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ३, ४, ५.१ मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत वापरायचं नाही. ‘५’ आणि ‘५.१’ या दोन आकड्यांमुळे नेहमी गोंधळ होतो. डबा उघडण्याआधी दोनदा वाचा.

आणि अर्धा वापरून ठेवलेला, मागच्या वर्षीचा डबा नको. झाकण उघडलं तिथून पाणी शोषणं सुरू.

तिसरा_गिअर

हे इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. ब्रेक ऑइल घरी बदलता येईल ना? किती लागेल? कोणत्या चाकापासून सुरुवात करायची?

बारा_चा_पाना

एक लिटर आणा. बहुतेक गाड्यांना पुरतं.

आधी बॉनेटखालच्या रिझर्व्हॉयरमधलं जुनं, काळपट ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून काढा. तळाशी बोटभर राहू द्या, म्हणजे हवा आत जाणार नाही. मग वर नवीन भरा. गाडी चारही स्टँडवर, चाकं काढलेली. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

क्रम तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, तोच पाळा. जुना नियम मास्टर सिलेंडरपासून (पेडलला जोडलेल्या मुख्य पंपापासून) सर्वांत लांबच्या चाकाकडून जवळच्याकडे असा आहे, पण काही कंपन्यांनी एबीएसच्या रचनेमुळे वेगळा क्रम दिलेला असतो.

ब्लीड निपलवर (चाकापाशी ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या तोंडावर) आधी रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं, नाहीतर निपल बंद करताना हवा उलटी आत ओढली जाते. आत बसलेला माणूस पेडल दाबतो आणि ‘दाबलं’ म्हणतो. तुम्ही निपल पाव फेरा उघडा, ऑइल येईल, पेडल खाली जाईल. निपल बंद करून ‘सोड’ म्हणा. आधी निपल बंद, मग पेडल वर. हा क्रम चुकला की तासाभराची मेहनत वाया.

नळीकडे बारीक लक्ष ठेवा. आधी गडद तपकिरी ऑइल येईल, अधूनमधून मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे. मग एकदम सीमारेषा दिसावी तसं फिकट पिवळं, स्वच्छ ऑइल सुरू होतं. तिथून पुढे चार-पाच दाब आणखी द्या. एका चाकाला दोनशे ते अडीचशे मिलिलिटर धरा. दर आठ-दहा दाबांनी रिझर्व्हॉयर बघा. तो रिकामा झाला तर हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरते आणि ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅन टूल लावून पंप फिरवावा लागतो.

गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलेंडरचा पिस्टन रोज जेवढा सरकतो त्याच्या पलीकडे गंज असतो. पेडल फरशीपर्यंत दाबलं की सील त्या गंजावर घासून फाटतं.

निपल हलक्या हाताने आवळा, फार जोर लावला तर मोडतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नुसतं पुसलं तर रंग निघतो.

मागचं_चाक

ऑइलबद्दल दुमत नाही. पण पॅडबद्दल वेगळं मत मांडतो. तेराशे किलोची गाडी, नवखा चालक, वीस मिनिटांची सत्रं. कंपनीचे पॅड जाडीने निम्म्याहून जास्त असतील तर पहिल्या दिवसाला पुरतात. ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट चावत नाहीत, कर्कश आवाज करतात, डिस्क जास्त खातात. त्याच पॅडवर पावसात घरी परतायचं असेल तर पहिलाच सिग्नल धोक्याचा. नवशिक्याने आधी कंपनीच्या पॅडवर शिकावं, त्यांची मर्यादा पेडलमधून ओळखावी.

टॉर्क_रेंच

मागचं_चाक, गाडी हलकी आहे म्हणून तुमचं म्हणणं अर्धं पटतं. हीच गाडी सतराशे किलोची टर्बो असती तर कंपनीच्या पॅडवर पाच सत्रं हा सल्ला धोकादायक ठरला असता. साधे रस्त्याचे पॅड साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे पकड सोडू लागतात. आणि नवखा चालक ब्रेक कमी वापरतो असं नाही. तो लवकर दाबतो, हलका दाबतो आणि लांबपर्यंत धरून ठेवतो. कमी वेळ, कडक दाब, मग पूर्ण सोडणं, असं केलं तर डिस्कला मधे निवायला वेळ मिळतो. नवशिक्याकडून नेमकं हेच होत नाही.

मधला मार्ग आहे: रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड. थंड असतानाही चावतात आणि सहाशेच्या आसपास टिकणारे मिळतात. पुढच्या चाकांना ते बसवा. मागे कंपनीचेच राहू दिले तर पुढचा-मागचा तोल थोडा पुढे सरकतो. पहिल्या दिवसासाठी ती सुरक्षित बाजू आहे. उलटं, म्हणजे मागे जास्त चावणारे आणि पुढे साधे, कधीही करू नका. ब्रेक लावताच मागची बाजू पुढे येईल.

नवीन पॅड बसवले की बेडिंग, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसवणं, आवश्यक. रिकाम्या, सुरक्षित जागी ताशी १०० वरून १५-२० पर्यंत जोरात ब्रेक, पूर्ण न थांबता पुन्हा वेग. असं आठ ते दहा वेळा. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता गाडी चालवून निववा. गरम पॅड डिस्कवर दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि नंतर पेडल थरथरतं. लोक त्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसते, थर असमान बसलेला असतो. पॅडच्या कंपनीने स्वतःची पद्धत दिली असेल तर ती आधी.

डिस्कची जाडीही मोजा. किमान जाडी तिच्या मधल्या टोपीवर किंवा कडेला कोरलेली असते. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं चालतं. एखादी भेग कडेपर्यंत पोचली असेल किंवा नखाला अडत असेल, तर डिस्क बदला.

वळणवेडी

नवख्यांना उपयोगी पडेल म्हणून: ब्रेक थकले की पायाला काय कळतं?

पेडल मऊ, लांब जातंय, दोनदा मारल्यावर वर येतंय: ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं कडक आहे, जागेवर आहे, पण गाडी थांबत नाही: पॅड फेड झालेत, म्हणजे अति तापून पकड सोडलीय. पहिल्यात लगेच वेग कमी करून पिटमध्ये (ट्रॅकबाजूच्या थांब्यावर) यायचं आणि ऑइल निवल्यावर पुन्हा हवा काढायची. त्याशिवाय पुढचं सत्र नाही. दुसऱ्यात एक-दोन लॅप हळू फिरवून निववलं की पकड बरीचशी परत येते.

तिसरा प्रकारही आहे. नवे, न बेडलेले पॅड पहिल्या गरमीत वायू सोडतात आणि एकदम घसरल्यासारखं वाटतं. टॉर्क_रेंच यांनी सांगितलेलं बेडिंग केलं की हा प्रकार टळतो.

चारचाकी

टायरचं कुणीच बोललं नाही अजून. रुंद टायर नकोत, पण आहेत ते कसे आहेत ते बघायला हवं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, ट्रॅकवर नको. आतल्या बाजूची भिंतही हात फिरवून तपासा. फुगवटा बहुतेक तिथेच सापडतो.

कोऱ्या रस्त्याच्या टायरची नक्षी खोल असते, साधारण आठ मिलिमीटर. गरम झाल्यावर तिचे ठोकळे वळवळतात, तापतात, आणि कडेचे तुकडे उडतात. चार-पाच मिलिमीटर राहिलेला टायर कोरड्या ट्रॅकवर जास्त बरा. गोटा झालेला मात्र नकोच, पाऊस आला तर दिवस संपला.

आता हवा. २५ अंशांना २८ पीएसआय भरलं आणि आतली हवा ७० अंशांवर गेली, की दाब ३४ च्या वर जातो. म्हणून थंड असताना नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय कमी ठेवून सुरुवात करतात आणि गरम दाबावर लक्ष ठेवतात. फार कमी नको. भिंतीवर ताण येतो आणि रिमवरून टायर सुटण्याची भीती असते. तुमच्या गाडीला गरम असताना ३२ ते ३५ च्या दरम्यान कुठेतरी बरा आकडा सापडेल. सत्र संपवून पिटमध्ये थांबल्यावर दोन मिनिटांच्या आत मोजा. नंतर मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. चारही टायर वहीत लिहा, डावा-उजवा वेगळा. ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतील तर डावे टायर जास्त तापतात.

खडूने टायरच्या खांद्यापासून भिंतीपर्यंत आडवी रेघ मारून ठेवा. भिंतीवर बराच खाली खडू पुसला गेला तर दाब कमी. खांद्यापर्यंतही पुसला नाही तर दाब जास्त.

घरी निघण्याआधी पुन्हा रस्त्याचा दाब भरायला विसरू नका.

सरळसोट

नायट्रोजन भरला तर दाब वाढत नाही म्हणतात. मग ही कटकटच नको ना?

चारचाकी

नायट्रोजनचाही दाब वाढतो, जवळपास तेवढाच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पडतो तो ओलाव्यामुळे. कॉम्प्रेसरमधून पाण्याची वाफ आत गेली असेल तर गरमीत दाब अंदाजापेक्षा जास्त चढतो. कोरडी हवा भरा आणि मोजत राहा. शिवाय नायट्रोजन भरलेल्या टायरमधला दाब सत्रांच्या मधे कमी-जास्त करायचा तर तो पुन्हा कुठून आणणार?

बारा_चा_पाना

टायरवरून व्हील नट आठवले. टॉर्क रेंच सोबत न्यायचाच. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, बऱ्याच गाड्यांना १०० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. ग्रीस लावलं तर तोच आकडा लावूनही बोल्टवर ताण जास्त पडतो.

पहिल्या सत्रानंतर चाक निवू द्या, मग पुन्हा तपासा. गरम असताना आवळू नका. ॲल्युमिनियमचं चाक पोलादी स्टडपेक्षा जास्त प्रसरण पावतं. त्या अवस्थेत बसवलेला ताण चाक थंड झाल्यावर उतरतो.

चाक हवेत असतानाच वरून-खालून धरून हलवा, मग डावीकडून-उजवीकडून. वर-खाली खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, फक्त आडवी आली तर बहुधा टाय रॉड. यातलं काही आढळलं तर आधी दुरुस्ती, मग ट्रॅक.

पिटलेन

इंजिनाकडेही थोडं बघू. ऑइल फिल्टरसकट बदला आणि पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपाशी ठेवा. लांब वळणात ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) एका बाजूला चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि क्षणभर बेअरिंगला दाब मिळत नाही. पातळी कमी असेल तर हे लवकर होतं. खुणेच्या वर मात्र भरू नका, क्रँक ते फेसाळवते.

ग्रेड कंपनीने मान्य केलेल्यांतूनच घ्या. त्यात निवड असेल तर एसीईएचं (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचं) ए३/बी४ किंवा सी३ बघा. १५० अंशांना मोजलेली त्यांची घट्टता किमान ३.५ असावी लागते. इंधन वाचवणारी काही ५डब्ल्यू-३० ऑइलं याच्या खाली असतात. ऑइलचं तापमान दिसत असेल तर ११०-१२० पर्यंत काळजी नाही, १३० दिसलं की एक लॅप हळू.

पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. वळणात पंपाला हवा मिळते आणि गाडी अडखळते. रस्त्यापेक्षा तिप्पट-चौपट पेट्रोल लागेल, त्या हिशेबाने भरा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचोळा आणि किडे मागून पुढे पाणी मारून काढा. कूलंट गळत असेल तर जाऊच नका. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की मागच्याला ते तेलासारखंच निसरडं.

हिरवा_झेंडा

चाळीस टक्के तयारी गाडीची आणि साठ टक्के चालकाची, असं मला मनापासून वाटतं. आणि धाग्यात आतापर्यंत चालक आलेलाच नाही.

आधी बसणं. कंबर सीटच्या मागच्या कोपऱ्यात घट्ट. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गुडघा थोडा वाकलेला. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावं. हेल्मेट घालून बसून बघा. डोक्यावर चार बोटं जागा उरली नाही तर सीट खाली घ्या. हात ‘नऊ आणि तीन’ वर. रस्त्यावर आरामात बसायची सवय असते. तसंच ट्रॅकवर बसलं की माणूस स्टिअरिंगला लोंबकळतो आणि गाडी काय सांगतेय ते हाताला कळत नाही.

हेल्मेट: कारसाठीचं प्रमाणपत्र स्नेल (हेल्मेट तपासणारी संस्था) ‘एसए’ मालिकेचं, मोटरसायकलचं ‘एम’. एसएमध्ये आग न धरणाऱ्या अस्तराची आणि रोल केजवर आपटण्याची चाचणी असते, एममध्ये ती नसते. आयोजक काय मान्य करतात ते आधी विचारा. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. नायलॉन-पॉलिस्टर नको, ते आगीत वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळव्याचे.

झेंडे पाठ हवेत. पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल: सत्र थांबलं, हळू पिटमध्ये. निळा: मागे वेगवान गाडी, तिला जाऊ द्या. काळा: तुम्ही पिटमध्ये या. काळ्यावर नारिंगी गोल: तुमच्या गाडीत बिघाड दिसतोय. पिवळे-लाल पट्टे: ट्रॅक निसरडा. प्रत्येक लॅपला झेंडेवाल्याच्या चौकीकडे नजर टाकायची सवय पहिल्याच, हळू लॅपमध्ये लावा.

आणि नजर. ब्रेक लावायच्या जागी पोचायच्या आधी वळायची जागा दिसायला हवी, वळताना एपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ जायचा बिंदू), एपेक्सला पोचायच्या आधी बाहेर पडायची जागा. नजर बॉनेटच्या पुढच्या दहा मीटरवर अडकली की सगळं अचानक येतं.

सरळसोट

हिरवा_झेंडा, छान लिहिलंय. चार-बिंदूंचा हार्नेस लावावा का? कंपनीच्या बेल्टने वळणात सरकायला होतं.

हिरवा_झेंडा

साध्या गाडीत नको. चार-बिंदूंच्या हार्नेसला पायांमधला पट्टा नसतो. धडकेत खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि शरीर खालून सरकतं. शिवाय धड घट्ट बांधलं आणि डोकं मोकळं, की सगळा झटका मानेवर. म्हणूनच हार्नेससोबत हान्स (हेल्मेटला बांधून मान सांभाळणारं उपकरण) लागतं. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचं आहे. आणि गाडी उलटली तर कंपनीचा बेल्ट लावलेला माणूस बाजूला झुकू शकतो. हार्नेसवाला ताठ बसलेला राहतो आणि छत खाली येतं. हार्नेस, बकेट सीट, रोल बार आणि हान्स हा एकत्र घ्यायचा संच आहे. त्यातलं एकच उचलायचं नाही.

सरकणं कमी करायला एक सोपी युक्ती: सीट एक खाच मागे घ्या, बेल्ट झटक्यात ओढून लॉक करा, लॉक झालेला धरून सीट पुढे सरकवा. आणि डावा पाय डेड पेडलवर (क्लचच्या डावीकडच्या पाय टेकवायच्या जागेवर) दाबून धरा.

मागचं_चाक

ओपन गाडी असेल तर छडीची चाचणीही सांगतो. रोल बारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी ठेवायची. हेल्मेट घातलेलं डोकं तिच्या खाली असलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी याशिवाय सोडत नाहीत.

ओला_रस्ता

स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) चालू ठेवायचं की बंद? यावर दरवेळी दोन तट पडतात. माझं मत: पहिल्या दिवशी चालू, जास्तीत जास्त स्पोर्ट मोड.

टॉर्क_रेंच

सहमत. फक्त एक बाजू लक्षात ठेवा. ही यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक दाबूनच काम करते. डॅशबोर्डवरचा दिवा प्रत्येक वळणात लुकलुकत असेल तर ब्रेक तुमच्या नकळत तापताहेत, विशेषतः मागचे पॅड झपाट्याने संपतात. दिवा लागला की आपण स्टिअरिंग फार लवकर किंवा फार जास्त वळवलं, किंवा गाडी सरळ व्हायच्या आधी ॲक्सिलरेटर दाबला, असं समजा आणि पुढच्या लॅपला तेवढंच सुधारा.

वळणवेडी

सत्र कसं चालवायचं तेही लिहून ठेवते. पहिली दीड लॅप टायर, ऑइल, ब्रेक तिन्ही गरम करायला. मधली आठ-दहा मिनिटं मनासारखी. डोकं थकलं की चुका सुरू होतात, त्यामुळे पहिल्या दिवशी वीस मिनिटं पूर्ण वापरायचा आग्रह नको. शेवटची लॅप ब्रेकला जवळपास न शिवता, वरच्या गिअरमध्ये, गाडीतून हवा खेळू देत.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक लावायचा नाही. गरम पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. टर्बो असेल तर मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. बॉनेट उघडा.

दर सत्राच्या मधे पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. शेवटचं सत्र सर्वांत जोखमीचं. माणूस थकलेला असतो, टायर आणि पॅड झिजलेले असतात, आणि वाटत असतं की आता सगळं जमायला लागलंय.

पिटलेन

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी: टो हुक घरीच बसवून बघा, काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. चालकाच्या पायाखालची मॅट काढा. डिकी रिकामी, स्टेपनी आणि जॅकसुद्धा बाहेर. दाराच्या खणातली पाण्याची बाटली ब्रेक पेडलखाली गेली तर काय होईल हे एवढ्या वाचनानंतर सांगायला नको. बॅटरी हाताने हलवून बघा, हलता कामा नये. विम्याचा कागद नीट वाचा. ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

एक्झॉस्ट बदलायचा मोह अजून असेल तर आवाजाची मर्यादा विचारून घ्या. सहसा नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक आरपीएमवर मोजतात. मर्यादा ओलांडली तर पहिल्या सत्राआधीच परत.

चारचाकी

कॉइलओव्हरचं उत्तर राहिलं. पहिल्या दिवशी नको. त्याऐवजी अलाइनमेंट करून घ्या. रस्त्याच्या गाडीला पुढचा कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) अर्धा-एक अंश निगेटिव्ह, म्हणजे वरची कड आत झुकलेली, असतो. वळणात गाडी कलली की टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि तोच खांदा एका दिवसात खाल्ला जातो. कंपनीच्या बोल्टमध्ये जेवढा निगेटिव्ह कॅम्बर मिळेल तेवढा घ्या, दीड अंश मिळाला तरी टायरला जाणवेल. पुढचा टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) शून्याजवळ, मागे थोडा टो-इन. पुढे कधी टायरचा बाहेरचा खांदा सतत झिजताना दिसला, तेव्हा कॉइलओव्हर आणि अडीच-तीन अंशांचा विचार करा.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. एक्झॉस्ट, इंटेक, कॉइलओव्हर, टायर चारही खोडले. नवीन ऑइल भरलं, पुढे रस्ता-ट्रॅक दोन्हींचे पॅड बसवले, अलाइनमेंट पुढच्या आठवड्यात. अडचण एकच: इंजिन बंद असताना पेडल कडक आहे, इंजिन सुरू केलं की थोडं खाली जातं. हवा राहिली असेल का? बेडिंग अजून केलेलं नाही.

बारा_चा_पाना

इंजिन सुरू झाल्यावर बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्युम मिळतो, पेडल थोडं खाली जाणारच. ते ठीक आहे. आता तीन गोष्टी बघा. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने तीस सेकंद धरा. हळूहळू खाली सरकत राहिलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडरचं सील गेलंय. मग पेडल सोडून पटापट दोनदा दाबा. दुसऱ्या दाबाला स्पष्ट उंचावर थांबलं तर हवा आहे, चारही चाकं पुन्हा ब्लीड करा. या दोन्हींत काही निघालं तर बेडिंगलाही गाडी बाहेर काढू नका. दोन्ही वेळा एकाच उंचीवर, एकसारखं कडक लागलं तर बेडिंग करून या आणि निवल्यावर पेडल परत बघा. नवे पॅड डिस्कवर पूर्ण बसेपर्यंत पेडल किंचित लांब लागतं, बेडिंगनंतर ते वर यायला हवं.

नाही आलं तर कॅलिपरचे स्लाइड पिन काढून बघा. एखादा कोरडा पडून अडकला असेल तर पॅड तिरका बसतो आणि पेडल असंच लागतं. पिन पुसून त्यांच्यासाठीचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

तिसरा_गिअर

तीस सेकंद धरलं, सरकलं नाही. दोन्ही दाब एकाच उंचीवर. उद्या पहाटे रस्ता रिकामा असताना बेडिंग करतो आणि पेडलचं इथे कळवतो.